साहेबांचा स्वभाव आणि गावाची हवा

चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोरपना-राजुरा भागात सिमेंट कारखान्याचा नवा युनिट हेड रुजू झाला, की त्याची चौकशी कारखान्याआधी आसपासच्या गावांत सुरू होते. नवे साहेब कसे आहेत, असे लोक एकमेकांना विचारतात, तेव्हा त्यांना साहेबांचे शिक्षण किंवा पगार जाणून घ्यायचा नसतो. साहेब रागीट आहेत की ऐकून घेणारे, फाटकावर आलेल्या माणसाला आत बोलावतात की सुरक्षारक्षकाकडून परत पाठवतात, स्वतः प्लांटमध्ये फिरतात की केबिनमध्ये बसून अहवाल मागवतात, एवढेच गावाला हवे असते. पुढची दोन-तीन वर्षे वावरातल्या कपाशीवर किती धूळ बसणार, हे बऱ्याच अंशी या उत्तरांवर अवलंबून असते, हे इथल्या लोकांना अनुभवाने ठाऊक झाले आहे. मी याच भागात वाढले, रसायनशास्त्राची पदवी घेतली आणि अशाच एका कारखान्याच्या पर्यावरण विभागात निवृत्त होईपर्यंत काम केले. यंत्रे तीच होती, चुनखडी तीच होती, कायदाही तोच होता. तरीही साहेब बदलले की आमच्या नोंदवहीतले आकडे बदलत असत.

गावाचे हे निरीक्षण व्यवस्थापनशास्त्रानेही गंभीरपणे घेतले आहे, हे मला बरेच उशिरा वाचनातून समजले. डोनाल्ड हॅम्ब्रिक आणि फिलिस मेसन या अमेरिकी अभ्यासकांनी १९८४ मध्ये असे मांडले, की कंपनी ही तिच्या वरिष्ठांचे प्रतिबिंब असते. उद्योगासमोरची परिस्थिती इतकी गुंतागुंतीची असते, की ती पूर्णपणे कोणालाच दिसत नाही. प्रत्येक वरिष्ठाला त्याची मूल्ये, त्याचा अनुभव आणि त्याचा स्वभाव जेवढे पाहू देतात तेवढेच दिसते, आणि निर्णयही तेवढ्यावरच होतो. तीन वर्षांनी हॅम्ब्रिक आणि सिडनी फिंकेलस्टाइन यांनी या विचारात एक भर घातली. वरिष्ठाला मोकळीक जितकी जास्त, तितका त्याचा स्वभाव कंपनीच्या वागण्यात जास्त उतरतो, आणि जिथे कायद्याने किंवा परिस्थितीने त्याचे हात बांधलेले असतात, तिथे खुर्चीवर कोण बसले आहे याने फारसा फरक पडत नाही.

ग्रामीण विदर्भाच्या दृष्टीने मला ही भर मूळ विचाराहूनही मोलाची वाटते. मोठ्या शहराच्या कडेला कारखाना असेल, तर काळा धूर निघाल्यावर तासाभरात त्याची छायाचित्रे फिरू लागतात, नगरसेवक फोन करतो, वार्ताहर दारात उभा राहतो. आमच्याकडे रात्री अडीच वाजता चिमणीकडे पाहणारा माणूस म्हणजे रानडुकरांपासून तूर राखायला मचाणावर बसलेला शेतकरी, आणि त्याच्या पाहण्याची नोंद कुठल्याही कागदावर होत नाही. त्यामुळे कारखाना जितका आडवळणी, तितकी साहेबांची मोकळीक मोठी आणि तितकाच त्यांच्या स्वभावाचा परिणाम खोल, असे मी माझ्या नोकरीच्या काळात सतत अनुभवले.

ही मोकळीक नेमकी कशात असते, हे सांगायचे तर भट्टीपाशी जावे लागेल. चुनखडी भाजून सिमेंटसाठी लागणारे क्लिंकर, म्हणजे दळण्याआधीचे कठीण खडे, तयार होतात तेव्हा भट्टीतल्या मालाचे तापमान साधारण १,४५० अंश सेल्सिअसपर्यंत जाते. भट्टीतून निघणाऱ्या वायूंबरोबर प्रचंड प्रमाणात बारीक धूळ येते आणि जुन्या प्लांटमध्ये ती ईएसपी पकडते, म्हणजे विजेच्या उच्च दाबाने धूलिकण भारित करून पट्ट्यांवर ओढून घेणारी यंत्रणा. कोळसा नीट जळला नाही, त्याचा पुरवठा कमी-जास्त झाला किंवा त्याची प्रत अचानक बदलली, की वायूंमध्ये कार्बन मोनॉक्साइड वाढतो. अशा वेळी ईएसपीत ठिणगी पडली तर स्फोट होऊ शकतो, म्हणून तिचा वीजपुरवठा आपोआप तुटतो. प्लांटमध्ये याला सीओ ट्रिपिंग म्हणतात. सुरक्षिततेसाठी ते आवश्यकच आहे, पण ती काही मिनिटे भट्टीची धूळ जवळजवळ जशीच्या तशी चिमणीतून बाहेर पडते. पहाटेच्या दवात ती पानांवर बसते, ऊन चढले की तिचा थर घट्ट होतो आणि सहजासहजी निघत नाही. वेचणीच्या दिवसांत ती फुटलेल्या बोंडांवर बसते आणि मग मळलेल्या कापसाला व्यापारी भाव पाडून मागतो.

ट्रिपिंग पूर्णपणे टाळता येत नाही, पण कमी निश्चितच करता येते. कोळशाची प्रत सारखी ठेवणे, बर्नरची देखभाल वेळेवर करणे, वायुविश्लेषक यंत्र बंद पडले तर त्याच दिवशी दुरुस्त करणे आणि भट्टी अस्थिर झाली की काही काळ फीड, म्हणजे भट्टीत जाणारा कच्चा माल, कमी करणे, हे त्याचे साधे उपाय आहेत. यातला शेवटचा उपाय उत्पादन घटवतो आणि सगळा प्रश्न तिथेच येऊन थांबतो. माझ्या वरिष्ठांपैकी एक साहेब सकाळच्या बैठकीत सर्वांत आधी ट्रिपिंगची नोंद मागत. किती वेळा झाले, किती मिनिटे चालले, कारण काय, हे ऐकल्याशिवाय ते उत्पादनाच्या आकड्याकडे वळत नसत. त्यांच्यानंतर आलेल्या साहेबांना क्लिंकरचे टन तेवढे ऐकायचे असत. लेखी आदेश दोघांच्या काळात सारखेच होते आणि पर्यावरण धोरणाची चौकट त्याच भिंतीवर टांगलेली होती; पण कंट्रोल रूममध्ये रात्रपाळीला बसलेला ऑपरेटर बैठकीतले प्रश्न ऐकून आपण काय करायचे ते ठरवत होता. पहिल्या साहेबांच्या काळात तो निर्धास्तपणे फीड कमी करी. दुसऱ्यांच्या काळात तेच करताना त्याचा हात अडखळू लागला, आणि त्याला दोष देणे मला कधीच जमले नाही.

पहिले साहेब निसर्गप्रेमी म्हणावेत असे मुळीच नव्हते. ताडोबा अंधारी व्याघ्र प्रकल्प त्याच जिल्ह्यात असूनही ते कधी तिकडे गेल्याचे मला आठवत नाही आणि पर्यावरण दिनाच्या भाषणात त्यांना दोन वाक्यांपलीकडे काही सुचत नसे. त्यांच्यात होती ती कमालीची कर्तव्यदक्षता. हाती घेतलेले काम अर्धवट ठेवायचे नाही आणि नोंद खोटी करायची नाही, एवढाच त्यांचा आग्रह असे. मानसशास्त्रज्ञ व्यक्तिमत्त्वाचे जे पाच मुख्य पैलू मानतात, त्यांत अनुभवांविषयीचा खुलेपणा, बहिर्मुखता, सौहार्द आणि भावनिक अस्थिरता यांच्याबरोबर या कर्तव्यदक्षतेची गणना होते. पर्यावरणाविषयी भरभरून बोलणाऱ्या माणसाकडून आपण फार अपेक्षा ठेवतो. मी मात्र कोणी पाहत नसताना वायुविश्लेषक दुरुस्त करून घेणाऱ्या माणसावर अधिक भरवसा ठेवायला शिकले.

प्रदर्शनाची हौस असलेले वरिष्ठही मी पाहिले, आणि त्यांच्याविषयी न्यायाने लिहायचे तर थोडे थांबून लिहावे लागेल. अरिजित चटर्जी आणि हॅम्ब्रिक यांनी २००७ मध्ये कंपनीप्रमुखांची आत्ममग्नता मोजण्याची एक वेगळीच पद्धत वापरली. वार्षिक अहवालात प्रमुखाचे छायाचित्र किती ठळक आहे, कंपनीच्या प्रसिद्धिपत्रकांत त्याचे नाव किती पुढे येते, मुलाखतीत तो 'आम्ही' किती वेळा म्हणतो आणि 'मी' किती वेळा, त्याचा मोबदला दुसऱ्या क्रमांकाच्या अधिकाऱ्यापेक्षा किती जास्त आहे, अशा खुणा त्यांनी तपासल्या. पुढे २०१६ मध्ये ओलेग पेट्रेन्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की असे आत्ममग्न प्रमुख सामाजिक जबाबदारीच्या कामांत मागे नसतात, उलट पुढेच असतात. मात्र त्या कामांचा कंपनीला मिळायला हवा तो लाभ त्यांच्यामुळे कमी होतो. हे वाचताना मला आमच्याकडचे जुलै महिने आठवले. त्या महिन्यात रस्त्याच्या दुतर्फा रोपे लागत, प्रत्येक रोपाशेजारी नावाची पाटी लागे, आमदार येत, छायाचित्रे निघत. एप्रिलमध्ये पारा पंचेचाळीस अंशांच्या वर गेला, की पाट्या तेवढ्या उभ्या असत.

अशा साहेबांनी गावासाठी काहीच केले नाही, असे मी म्हणणार नाही. त्यांच्या काळात बांधलेल्या पाण्याच्या टाक्यांतून आजही बाया पाणी भरतात आणि त्यांनी दिलेल्या बाकांवर मुले बसतात. पण इथे कायद्याची रचना लक्षात घ्यायला हवी. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे किमान दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करावे लागतात, आणि नेहमीच्या व्यवसायाचा भाग असलेले काम त्यात मोजता येत नाही. त्यामुळे टाकी, बाके आणि रोपे या निधीतून येतात, तर ईएसपी काढून तिच्या जागी बॅग हाउस, म्हणजे कापडी पिशव्यांतून धूळ गाळणारी यंत्रणा, बसवण्याचा खर्च भांडवली अंदाजपत्रकातून मागावा लागतो. तो कोट्यवधींचा असतो, त्यासाठी भट्टी काही आठवडे बंद ठेवावी लागते, आणि काम झाल्यावर उद्घाटन करावे असे त्यात काही दिसत नाही, कारण त्याचे यश म्हणजे चिमणीतून काहीच न दिसणे. ज्याला दिसण्याची ओढ आहे, तो माणूस पहिल्या निधीकडे आपोआप वळतो. त्याच्या मनात वाईट हेतू असतोच असे नाही, परंतु गावाच्या हवेचा खरा प्रश्न दुसऱ्या अंदाजपत्रकात पडून राहतो.

माझ्या मते या सगळ्यांहून महत्त्वाचा गुण म्हणजे वाईट बातमी ऐकण्याची तयारी. जर्मनीच्या फोक्सवॅगन कंपनीने जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख डिझेल गाड्यांत चाचणीपुरते प्रदूषण कमी दाखवणारी संगणकप्रणाली बसवली होती, हे सप्टेंबर २०१५ मध्ये उघड झाले आणि कंपनीचे प्रमुख मार्टिन विंटरकॉर्न यांना पद सोडावे लागले. अपयशाची बातमी वर नेण्याची भीती त्या कंपनीत किती खोल रुजली होती, याविषयी नंतर बरेच लिहिले गेले. हे प्रकरण मला कधीच परके वाटले नाही. प्रयोगशाळेतून नको असलेला आकडा घेऊन केबिनकडे जाणाऱ्या तरुण रसायनतज्ज्ञाची पावले जिथे मंदावतात, तिथे काही महिन्यांत आकडेच सौम्य होऊ लागतात, आणि त्यासाठी कोणी कोणाला खोटे लिहायला सांगावे लागत नाही. नमुना सोयीच्या वेळी घेतला जातो, भट्टी शांत असताना मोजमाप होते, एवढेच.

याच्या उलट अनुभवही माझ्याकडे आहे, आणि तो मला अधिक सांगावासा वाटतो. विस्तारीकरणाच्या जनसुनावणीत एका शेतकऱ्याने कपाशीचे धुळीने पांढरे पडलेले झाड मुळासकट उपटून आणले आणि अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवले. मंडपात गोंधळ झाला, पोलीस पुढे सरसावले. आमच्या त्या वेळच्या साहेबांनी ते झाड उचलायला लावले नाही. सुनावणी संपल्यावर त्यांनी ते स्वतः माझ्याकडे दिले आणि ही धूळ नेमकी कुठली आहे ते सांगा, असे म्हणाले. पानांवरची धूळ खरवडून आम्ही तपासली. भट्टीच्या धुळीत चुन्याचे प्रमाण जास्त असते आणि आमच्या काळ्या मातीच्या रस्त्यावरच्या धुळीत सिलिका व ॲल्युमिना जास्त, त्यामुळे दोन्हींत फरक करता येतो. त्या झाडावर चिमणीची धूळ होती, पण तिच्यापेक्षा कितीतरी जास्त धूळ रस्त्याची आणि ट्रकमधून सांडलेल्या मालाची होती. चिमणीच्या आकड्यांवर वाद घालण्यात आम्ही आणि गावकऱ्यांनी वर्षे घालवली होती, आणि नुकसानीचा मोठा वाटा ताडपत्री न झाकता धावणाऱ्या ट्रकांतून येत होता. तो रस्ता पक्का झाला, टँकरने पाणी मारणे सुरू झाले, ताडपत्रीशिवाय ट्रक फाटकाबाहेर सोडू नये असा नियम झाला. खर्च बॅग हाउसच्या तुलनेत नगण्य होता. लागले ते फक्त अपमान न मानता झाड हातात घेण्याइतके कुतूहल.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ मध्ये अतिप्रदूषक अशा सतरा प्रकारच्या उद्योगांना चिमणीवर सतत मोजमाप करणारी ऑनलाइन यंत्रणा बसवण्याचे निर्देश दिले, त्यानंतर निदान चिमणीपुरती साहेबांची मोकळीक आकुंचन पावली, आणि ते फार चांगले झाले. मात्र रस्ता, क्रशर, कोळशाचे यार्ड आणि पॅकिंग विभाग यांतून उडणारी धूळ चिमणीवरच्या यंत्राला दिसत नाही. तिथे आजही स्वभावाचेच राज्य आहे.

हेन्रिक क्रॉनक्विस्ट आणि फ्रँक यू यांचा २०१७ चा एक अभ्यास मला बराच काळ अस्वस्थ करत राहिला. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांचा अभ्यास करून त्यांना असे आढळले, की ज्या प्रमुखाला मुलगी आहे, त्याच्या कंपनीचे सामाजिक जबाबदारीचे गुणांकन इतरांपेक्षा सुमारे नऊ टक्क्यांनी जास्त असते. आमच्या भागात मला याच जातीचा एक फरक दिसे. ज्यांचे कुटुंब कारखान्याच्या वसाहतीत राहत असे आणि ज्यांची मुले तिथल्याच शाळेत जात, ते साहेब वाऱ्याची दिशा बदलली की स्वतः फोन करीत. ज्यांचे कुटुंब नागपुरात किंवा हैदराबादला असे, त्यांना वाऱ्याची दिशा अहवालातून कळे. यावरून मी कोणताही नियम काढत नाही, पण निर्णय घेणाऱ्याने त्या हवेत श्वास घेतला पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

स्वभावावर भरवसा ठेवण्याचा विचार विदर्भाला नवा नाही. गांधीजी १९३६ मध्ये वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला राहायला आले, त्याच्या आधीपासून ते धनिकांना सांगत होते, की आपल्या संपत्तीचे मालक न होता विश्वस्त व्हा. वर्ध्याचे जमनालाल बजाज यांनी तो विचार आचरणात आणण्याचा प्रयत्न केला. त्याच वर्ध्यात, मगनवाडीत काम करणारे अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा यांनी निसर्गातून अखंड मिळत राहणाऱ्या साधनांवरची अर्थव्यवस्था आणि कोळसा व खनिजे यांसारख्या साठ्यांवरची अर्थव्यवस्था असा भेद केला आणि साठ्यांवरची व्यवस्था माणसाला हिंसेकडे नेते, असा इशारा दिला. वणी, घुग्घुस आणि बल्लारपूरच्या कोळशाच्या खाणी तिथून फार दूर नाहीत. विश्वस्ताची कल्पना मला अत्यंत आदरणीय वाटते, पण तिचा सगळा भार एका माणसाच्या अंतःकरणावर आहे. तो माणूस बदलला तर काय, याचे उत्तर तिच्यात मिळत नाही. आणि आजच्या उद्योगात माणूस तर सतत बदलतो. खाण कायद्यात २०१५ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार चुनखडीसारख्या खनिजाचा पट्टा पन्नास वर्षांसाठी असतो. त्या पट्ट्यावर निर्णय घेणारा साहेब दोन-तीन वर्षांत बदलून जातो. खड्ड्याचे पुढे काय होणार, हे पाहायला तो तिथे नसतो.

गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा या गावाने याच्या अगदी उलट वाट निवडली. तिथे ग्रामसभेत निर्णय सर्वसहमतीने होतात आणि वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये त्या गावाला आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. कोणा एकाचा स्वभाव, मग तो कितीही उदार असो, सर्वांवर लादला जाऊ नये, याची काळजी त्या पद्धतीतच आहे. सिमेंट कारखाना सर्वसहमतीने चालवता येणार नाही, हे मला कळते. पण एका माणसाच्या चांगुलपणाला अनेकांच्या नजरेची जोड हवी, हे त्या गावाकडून शिकण्यासारखे आहे.

साहेबांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्यांना कोणीतरी निवडलेले असते, आणि संचालक मंडळ बहुधा आपल्याला हवा तसाच माणूस निवडते. ट्रिपिंगची नोंद आधी मागणारे ते साहेब फार काळ टिकले नाहीत. वार्षिक बोनस टनांवर ठरत असेल, तर कर्तव्यदक्ष माणूसही थकतो. चंद्रपूर हे देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत ८३.८८ गुणांकासह चौथ्या क्रमांकावर असल्याचे केंद्रीय मंडळाने २००९ च्या पाहणीतून जाहीर केले, तेव्हा तो दोष कोणा एका माणसाच्या स्वभावाचा नव्हता. शेअर बाजारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्याने सर्वांत मोठ्या १,००० सूचिबद्ध कंपन्यांना पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा सविस्तर अहवाल देणे बंधनकारक केले. परंतु तो अहवाल संपूर्ण कंपनीचा असतो, बहुधा इंग्रजीत असतो आणि त्यात आमच्या पांदण रस्त्याचा उल्लेख असण्याचे कारणच नसते.

म्हणून निवृत्तीनंतर मी आसपासच्या ग्रामसभांपुढे एक मागणी सातत्याने मांडते आहे. साहेब बदलतात तेव्हा जुने साहेब नव्यांना चार्ज देतात. यंत्रे, साठा, थकीत देणी आणि चालू न्यायालयीन प्रकरणे यांची यादी होते आणि तिच्यावर दोघांच्या सह्या होतात. त्याच यादीत गेल्या वर्षभरातील ट्रिपिंगची एकूण मिनिटे, मंजूर होऊनही रखडलेली प्रदूषण नियंत्रणाची कामे, प्रयोगशाळेने कळवलेले मर्यादेबाहेरचे आकडे आणि गावाला तोंडी दिलेली आश्वासने लिहिली जावीत, नव्या साहेबांनी त्यावर सही करावी, आणि तिची मराठी प्रत पंधरा दिवसांच्या आत ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी. दोन ग्रामसभांनी तसा ठराव मंजूर केला आहे. कारखान्याकडून अद्याप लेखी उत्तर आलेले नाही. पुढच्या बैठकीत त्या ठरावाला पाणी मारण्याच्या टँकरच्या फेऱ्यांची नोंदवही जोडावी, अशी सूचना ज्या बायांची वावरे रस्त्याला लागून आहेत त्यांनी केली आहे, आणि तिचा मसुदा आम्ही सध्या तयार करत आहोत.